डावखुऱ्या बहिणीला क्रोशे शिकवताना

धाकटी बहीण डावखुरी, मी उजवी. शेजारी बसवून शिकवलं तर तिला सगळंच उलटं दिसायचं. दोन संध्याकाळी गेल्या, साखळीसुद्धा धड येईना. सुई उजव्या हातात घे, असं मी एकदा म्हटलंही, ते चुकलंच. मग तिला समोर बसवलं. आरशात बघितल्यासारखे माझे हात बघत तिने सुई डाव्या हातात धरली आणि साखळी सरसर निघाली.

पुढची अडचण: चौकोनाचा त्रिकोण व्हायला लागला. 22 साखळ्या, त्यावर 20 खांब, म्हणजे उंच उभे टाके; पण चौथ्या ओळीत 17च उरले. दोष होता शेवटच्या टाक्यात. ओळीच्या सुरुवातीच्या 3 साखळ्या हाच पहिला खांब असतो. परतीच्या ओळीचा शेवटचा खांब त्यांच्या डोक्यावर घालायचा, आणि नेमका तोच ती सोडत होती. त्या तिसऱ्या साखळीत सेफ्टी पिन अडकवायला लावली. काळी लोकर बाजूला ठेवून पिवळी, जाड घेतली, सुई 5 मिमीची. काळ्यात टाके दिसतच नाहीत.

काल हाक आली, "ताई, मोज ना, वीसच आहेत!"

खरंच वीस होते.