इकेबाना आणि पाश्चात्त्य पुष्परचनेचा मेळ घालताना या चुका टाळा

इकेबाना म्हणजे जपानी पुष्परचना. या दोन शैली एकत्र करणं नवीन नाही. जपानी पुष्परचनाकार ओहारा उन्शिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोरीबाना ही उथळ भांड्यातली रचना आणली, तीच मुळी जपानमध्ये येऊ लागलेल्या परदेशी फुलांना जागा देण्यासाठी. रचना फसते ती दोन्ही शैलींना निम्मीनिम्मी जागा दिल्यामुळे. आमचं ठाम मत असं, की सांगाडा जपानी रेषांचा असावा आणि पाश्चात्त्य भरगच्चपणा फक्त बुडाशी.

अंदाजाने छाटलेली फांदी

इकेबानाच्या सोगेत्सू पद्धतीत भांड्याचा व्यास आणि उंची यांची बेरीज करून तिच्या दीड ते दोन पट मुख्य फांदी घेतात. भांडं 30 सेंमी रुंद आणि 6 सेंमी उंच असेल, तर 54 सेंमी. दुसरी तिच्या पाऊणपट, म्हणजे साधारण 40. तिसरी दुसरीच्या पाऊणपट, 30. उभ्या रेषेपासून कल अनुक्रमे 15, 45 आणि 75 अंश. गुलाब किंवा जरबेराचा झुपका या तिसऱ्या रेषेपेक्षा खाली ठेवा. पाच-सात फुलं पुरतात. पहिल्या दोन फांद्यांमधली मोकळी जागा जिप्सोफिलाच्या बारीक पांढऱ्या फुलांनी भरली, की रेषा दिसेनाशा होतात आणि उरतो नुसता बुके. निम्मं पाणी तरी उघडं दिसू द्या.

केन्झान कलंडतं

हंगामात फळासकट संत्र्याची फांदी लावायचा मोह नागपुरात कुणालाही होतो, आणि ती दिसतेही देखणी. पण फळाचं वजन एका बाजूला आलं, की केन्झान, म्हणजे फांद्या रोवायची खिळ्यांची चकती, उलटते. फांदीचं टोक तिरकं कापा, आधी सरळ उभी रोवा, मग हळूच झुकवा. जाड असेल तर बुडाला दोनेक सेंमी चीर द्या. तरीही कलंडत असेल, तर झुकाव ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध काठावर दुसरं केन्झान उलटं ठेवा. खिळे एकमेकांत अडकतात आणि वजन सावरतं.

केन्झानवर ओॲसिस, म्हणजे पाणी शोषणारा फुलांचा फोम, खोचू नका. त्याचा भुगा खिळ्यांत बसला की निघता निघत नाही. फोम वापरायचाच असेल तर वेगळ्या खोलगट भांड्यात, आणि भिजवताना वरून दाबू नका. दाबल्यावर बाहेरून ओला दिसतो, आतला गाभा कोरडा राहतो. पाण्यावर सोडा, आपोआप बुडू द्या. एकदा खोचलेली काडी वर ओढली, तर खाली हवेची पोकळी राहते आणि फूल पाण्याविना सुकतं. ती काडी काढून नव्या जागी खोचा.

सकाळी रचना वेगळीच दिसते

हा बहुतेक वेळा ग्लॅडिओलसचा प्रताप. दांडी आडवी झुकवली की तिचं वाढतं टोक रातोरात वर वळतं आणि 75 अंशांची रेषा मोडते. टोकाच्या बारीक, न उमलणाऱ्या कळ्या आधीच खुडा, वळण बरंच कमी होतं. नाहीतर ग्लॅडिओलस उभ्या रेषेसाठीच ठेवा.

फुलं लवकर माना टाकतात

सीताबर्डीच्या बाजारातून आणलेली फुलं थेट रचनेत लावू नका. दांडीचं टोक पाण्यात बुडवून, पाण्याखालीच दोन-तीन सेंमी कापा, म्हणजे हवेचा बुडबुडा आत शिरत नाही. शेवंतीची दांडी मात्र पाण्याखाली हाताने मोडतात. मग बादलीत, सावलीत दोन तास. मान टाकलेला जरबेरा असाच कापून, मान सरळ राहील असा वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून उभा ठेवा. फार शिळा नसेल तर ताठ होतो.

पाण्यात नुसती साखर घालू नका, जंतूच पोसले जातात. पाणी रोज बदलणं बरं.

उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट रचनेवर घेतला, तर पाकळ्यांच्या कडा आधी सुकतात. आंबे पिकत घातलेल्या खोलीत कार्नेशन ठेवू नका: पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने त्याच्या पाकळ्या आत मिटतात आणि पुन्हा उघडत नाहीत. संत्र्यातून हा वायू फारच थोडा निघतो, त्यामुळे संत्र्याच्या फांदीशेजारी कार्नेशन चालतं. उथळ भांड्यातलं पाणी मे महिन्यात झपाट्याने आटतं. ते खिळ्यांच्या टोकांवर निदान एक सेंमी आहे ना, हे सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा बघा.