कोलेस्टेरॉलसाठी वनस्पतींचे आणि समुद्री शेवाळाचे अर्क: या चुका टाळा

वनस्पतींतून मिळणाऱ्या काही घटकांमुळे एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, खरोखरच उतरतं. पण शरीरात एवढा बदल घडवणारा अर्क हे औषधच असतं. त्याला मात्रा असते, वेळ असते, दुष्परिणामही असतात. 'नैसर्गिक आहे, त्रास कसला?' असं म्हणून हे सगळं सोडून दिलं, की गडबड सुरू होते.

मात्रा आणि वेळ न पाहणं

वनस्पतींतले स्टेरॉल आणि स्टॅनॉल दिवसाला दीड ते तीन ग्रॅम घेतले, तर एलडीएल साधारण ७ ते १२ टक्क्यांनी कमी होतं. बऱ्याच कॅप्सूलमध्ये मात्र ते काहीशे मिलिग्रॅमच असतात. त्यातून ती कॅप्सूल रिकाम्या पोटी घेतली, तर तीही जवळपास वाया जाते. कारण स्टेरॉल आतड्यात कोलेस्टेरॉलची जागा अडवून त्याचं शोषण रोखतं आणि हे काम जेवणाबरोबरच नीट होतं. तीन ग्रॅमच्या पुढे फारसा जास्त फायदा मिळत नाही.

ओट्स आणि जवातलं बीटा-ग्लुकन हे विरघळणारं फायबर दिवसाला ३ ग्रॅम पोटात जायला हवं. इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच घ्या, नाहीतर ते घशात अडकू शकतं. इतर गोळ्या आणि इसबगोल यांच्यात दोनेक तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडच्या गोळीसाठी ते याहून जास्त लागतं.

समुद्री शेवाळ म्हणजे निव्वळ फायबर असं समजणं

ही चूक मला सगळ्यात काळजीची वाटते. शेवाळातलं अल्जिनेट पित्तातली आम्लं धरून ठेवतं. मग नवी आम्लं बनवण्यासाठी यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. तत्त्व बरोबर आहे. पण फ्युकॉइडनसारख्या अर्कांचे बरेचसे प्रयोग उंदरांवर आणि प्रयोगशाळेत झालेले आहेत. माणसांवरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत.

त्यात आयोडिनचा प्रश्न येतो. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडिन पुरतं. केल्प किंवा कोम्बूसारख्या तपकिरी शेवाळाच्या एका वाळलेल्या ग्रॅममध्ये त्याच्या कितीतरी पट आयोडिन असू शकतं. इतकं आयोडिन रोज गेलं, तर काहींची थायरॉइड ग्रंथी मंदावते. ग्रंथी मंदावली की रक्तातलं एलडीएल साफ होण्याचा वेगही कमी होतो, आणि जे उतरवायला कॅप्सूल सुरू केली तेच वर चढतं. म्हणून शेवाळाचा अर्क घेऊन रिपोर्ट बिघडला, तर डोस वाढवू नका. अर्क थांबवा आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. लेबलवर आयोडिनचा आकडा नसेल, तर ती बाटली घेऊच नका. थायरॉइडचा आजार असलेल्यांनी किंवा रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. हिजिकी नावाच्या शेवाळात तर असेंद्रिय आर्सेनिकही बरंच सापडतं.

स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) टाळण्यासाठी रेड यीस्ट राइस घेणं

बुरशी वापरून आंबवलेला हा तांदूळ वनस्पती-अर्कांच्या रांगेतच विकला जातो. त्यातलं मोनाकोलिन-के आणि १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं लोव्हास्टॅटिन हा एकच रेणू आहे. म्हणजे स्टॅटिन नको म्हणणारा माणूस स्टॅटिनच घेत असतो, फक्त किती ते त्याला ठाऊक नसतं. युरोपीय संघाने २०२२ मध्ये पूरक आहारातल्या मोनाकोलिनवर दिवसाला ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी अशी मर्यादा घातली. काही उत्पादनांत सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक विषही आढळलं आहे. आधीच स्टॅटिन चालू असेल तर हे सोबत घेऊ नका. गरोदरपणात तर नकोच. स्नायू दुखू लागले किंवा लघवी गडद झाली, तर लगेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

ग्रीन टीचा दाट अर्कही यकृताला त्रास देऊ शकतो. कपातल्या चहाची सुरक्षितता कॅप्सूलला लावू नका.

रिपोर्ट घाईने वाचणं

आठवड्याभरात तपासणी करून काही कळत नाही. सहा ते बारा आठवडे थांबा आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये तपासा. ताप किंवा मोठं आजारपण नुकतंच झालं असेल, तर एलडीएल तात्पुरतं खाली आलेलं असू शकतं; तो आकडा अर्काच्या खात्यात धरू नका. मात्रा बरोबर, वेळ बरोबर, थायरॉइडही ठीक आणि तरी तीन महिन्यांत फरक नाही, तर तो अर्क बंद करा.

आणि एलडीएल १९० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा त्याहून जास्त असेल, तर अर्कांवर महिने घालवू नका. इतका आकडा आनुवंशिक असू शकतो. त्याला औषधच लागतं, आणि भावंडांची, मुलांचीही तपासणी करून घ्यावी लागते.