आधी पाणी, मग तेल: आफ्रिकन कुरळ्या केसांवर घरगुती उपाय करताना या चुका टाळा

केस कोरडे दिसले की मराठी घरात पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. सरळ किंवा हलक्या लाटांच्या केसांना ते चालून जातं. पण आफ्रिकन वळणाच्या, स्प्रिंगसारख्या घट्ट कुरळ्या केसांचं तेवढ्यावर भागत नाही. माझ्या लेकीचे केस बाबांवर गेलेत आणि बाबा घानाचे. त्यामुळे पुण्यात शिकणाऱ्या आफ्रिकन मुलींपासून ते आफ्रिकेत किंवा लंडनमध्ये संसार थाटलेल्या मराठी आयांपर्यंत बऱ्याच जणी मला केसांचं विचारतात. सूर एकच असतो: "सगळं नॅचरल वापरते गं, तरी केस राठ ते राठच." केसांच्या आपल्याकडच्या जाहिरातींत हे केस कधी दिसतच नाहीत. खरं तर उत्तर कन्नडच्या यल्लापूर-हल्याळकडे कोंकणी-मराठी बोलणारे, आफ्रिकन वंशाचे सिद्दी पिढ्यान्‌पिढ्या हेच केस घेऊन राहतात. तरी माहिती शोधायला गेलं तर मिळतं काय, तर कांद्याचा रस.

तेलाने ओलावा येत नाही

टाळूतून सुटणारं तेल सरळ केसावरून आपोआप खाली उतरतं. घट्ट वळणांच्या केसात ते मुळाशीच अडकतं आणि टोकं उपाशी राहतात. शिवाय प्रत्येक वळणावर केस थोडा कमकुवत असतो. त्यामुळे हे केस दिसतात दाट आणि दणकट, पण तुटतात पटकन. अशा कोरड्या केसांवर वरून तेल थापलं की ते चकाकतात, पण आत कोरडेच राहतात. वर पाण्यालाही आत शिरायला वाट उरत नाही.

क्रम असा ठेवा: आधी पाणी, मग लीव्ह-इन (न धुता केसांतच ठेवायचं कंडिशनर) किंवा क्रीम, शेवटी तेल नाहीतर शिया बटर. केसांचे चार ते आठ भाग करून चिमटे लावा. एक भाग सोडा, स्प्रेने ओला करा, इतका की बोटांना ओल लागली पाहिजे पण पाणी टपकता कामा नये. त्यावर क्रीम. मग हरभऱ्याएवढं शिया बटर तळहातांवर चोळा, ते पूर्ण वितळून पारदर्शक झालं की मधल्या भागापासून टोकांपर्यंत दाबत उतरवा, पीळ घाला आणि पुढचा भाग घ्या. हरभऱ्याऐवजी लिंबाएवढं घेतलंत तर दुसऱ्या दिवशी उशी, कपाळ आणि शाळेची कॉलर तिन्ही तेलकट होतील.

शिया बटरबद्दलची नेहमीची तक्रार म्हणजे "दाणेदार झालं, फेकून देऊ का?" अजिबात नको. घानाच्या उत्तर भागात बायका शियाच्या बिया भाजून, दळून, पाण्यात हाताने घोटून ते काढतात. शुद्ध न केलेलं शिया पिवळसर असतं आणि त्याला किंचित धुरकट वास असतो. शरीराच्या तापमानाच्या आसपास ते वितळतं, म्हणजे एप्रिलमधल्या पुण्यात फळीवरच्या फळीवर. रात्री ते सावकाश थिजलं की दाणे धरतात. गरम पाण्याच्या भांड्यात डबी ठेवून पूर्ण वितळवा आणि लगेच फ्रीजमध्ये टाका. झटकन थंड झालं की मऊ राहतं.

म्हणजे खोबरेल वाईट का? नाही. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली होती. त्यात केसांतून निघून जाणारं प्रथिन कमी करण्याचं काम फक्त खोबरेलाला जमलं, कारण ते केसाच्या आत शिरतं. म्हणून न्हायच्या आदल्या रात्री खोबरेल जरूर लावा. रोज सकाळी पाण्याऐवजी तेच चोपडत बसू नका. काहींचे केस खोबरेलाने ताठ होतात, त्यांनी ऑलिव्ह तेल बघावं.

एरंडेलाचं प्रकरण वेगळं आहे. जमैकात एरंडाच्या बिया भाजून काढलेलं काळं एरंडेल प्रसिद्ध आहे आणि ते लावलं की केस भराभर वाढतात, असं सगळीकडे सांगितलं जातं. त्याला भक्कम पुरावा नाही. तेल मात्र प्रचंड चिकट. लांब केसांवर एरंडेल लावून धुतल्यावर केसांचा नमद्यासारखा घट्ट गोळा झाला आणि शेवटी ते कापावे लागले, अशी एका भारतीय तरुणीची नोंद २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती. पातळ तेलात चार थेंब मिसळा, त्यापुढे जाऊ नका.

काळा साबण आणि बोअरचं पाणी

इथे सगळ्यात जास्त जणी अडकतात. नायजेरियातल्या योरुबा लोकांचा ओसे दुदू आणि घानातला अलाटा समिना हे खरेखुरे साबण. केळीवर्गातल्या प्लँटेनच्या साली आणि कोकोच्या शेंगांची टरफलं जाळून राख करायची आणि ती पाम तेल किंवा पाम कर्नल तेलाबरोबर शिजवायची. राख आली म्हणजे अल्कली आलं. या साबणाचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप, सातच्या वर अल्कली) नऊ-दहाच्या घरात जातो, तर टाळूचा साधारण साडेपाच. त्यामुळे वडी थेट डोक्यावर घासली की केसांवरचे खवले उघडे पडतात आणि केस एकमेकांत अडकून बसतात.

त्यात पाणी जड असेल तर आणखी गोंधळ. ज्या सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी येतं, तिथे साबण पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून न विरघळणारा थर तयार करतो. बाथरूमच्या बादलीला आतून जी पांढुरकी रेघ धरते ना, तोच थर. केस वाळले की बोटांना मेणचट लागतात, फणी अडते, आणि आपण म्हणतो साबण भेसळीचा निघाला. भेसळ असेलही, पण आधी पाणी तपासा.

उपाय: अंगठ्याच्या पेराएवढा साबण मगभर कोमट पाण्यात विरघळवून ते पाणी फक्त टाळूवर ओता, केसांच्या लांबीवरून फेस आपोआप वाहून जाईल. नीट धुऊन झाल्यावर अर्धा लिटर पाण्यात एक मोठा चमचा अ‍ॅपल सायडर व्हिनेगर घालून ते केसांवरून ओता, मग कंडिशनर. व्हिनेगर पाण्याशिवाय कधीही नको, टाळू भाजते. इतकं करूनही केस चिकट राहत असतील तर काळा साबण अंगाला वापरा आणि केसांना सल्फेट नसलेला साधा शाम्पू घ्या. परंपरेचा मान राखायला केस पणाला लावायची गरज नाही.

आपल्या रिठ्याचंही तेच: फेस छान, पण या केसांसाठी फारच कोरडा. शिकेकाई त्यापेक्षा बरी, मात्र पूड थेट लावलीत तर तिचे कण वळणांत अडकून आठवडाभर गळत राहतात. काढा करून फडक्यातून गाळा. लिंबू आणि खाण्याचा सोडा तर नकोच. एक टोकाचा आम्ल, दुसरा अल्कली, आणि केसांना दोन्हीचा जाच.

धुतल्याने केस कोरडे होतात म्हणून महिना महिना न धुणं हीसुद्धा चूकच. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संघटना अशा केसांसाठी आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा धुवायला सांगते. टाळूवर पिवळट, तेलकट पापुद्रे असतील तर तो कोरडेपणा नसतो, सेबोऱ्हिक डर्मटायटिस हा त्वचारोग असू शकतो. त्यामागची मॅलासेझिया ही बुरशी स्निग्ध पदार्थांवरच पोसते. तिथे तेलाची मालिश करणं म्हणजे तिला जेवू घालणं.

स्वयंपाकघरातून डोक्यावर

केळं नको. चमच्याने कितीही कुस्करलं तरी त्याचे धागे केसांत बसतात, वाळतात आणि मग कोंडा झाल्यासारखे दिसतात. हौस असेलच तर मिक्सरमधून काढून मलमलीतून गाळा. त्यापेक्षा अव्होकाडो बरा, तोही गाळूनच. अंडं लावून गरम पाण्याने धुवायला गेलात तर डोक्यावर भुर्जी होईल. अंड्यातलं प्रथिन इतकं मोठं असतं की ते केसाच्या आत जातच नाही, त्यामुळे एवढा खटाटोप कशासाठी?

जवस मात्र उपयोगाचं. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळत राहा. डावेतून तार सुटायला लागली की गॅस बंद करून लगेच, गरम असतानाच गाळा. गार झालं तर गाळणीतून एक थेंब उतरणार नाही. हे जेल वळणं छान धरून ठेवतं. दोन तक्रारी ठरलेल्या. पहिली, पांढरे कण: खालची क्रीम आणि जेल एकमेकांना मानवलेले नसतात. आधी दोन्ही हाताच्या मागच्या बाजूवर मिसळून बघा, गोळ्या झाल्या तर डोक्यावरही होणार. दुसरी, वास: बाहेर ठेवलंत की पावसाळ्यात दोन दिवसांत आंबतं. फ्रीजमध्ये जास्तीत जास्त आठवडा.

कोरफडीचं पाणी, जवस, तांदळाचं पाणी, ज्यात ज्यात पाणी आहे ते सगळं नासतं. टी ट्री या सुगंधी तेलाचे दोन थेंब टाकले म्हणून टिकत नाही. पाणी नसलेलं शिया-तेलाचं मिश्रण कोरड्या डबीत महिनोन्‌महिने राहतं, फक्त ओला हात घालू नका. कोरफडीचं पान कापल्यावर पिवळा चीक आधी निथळू द्या, त्याने खाज सुटते. सुगंधी तेलं ३० मिलिलिटर तेलात सहा थेंबांपर्यंत, लहान मुलांना त्याहून कमी किंवा नाहीच.

"ओले केस विंचरू नकोस"

आजीचा हा नियम तिच्या केसांसाठी बरोबर होता. इथे तो उलटा करायचा. हे केस कोरडे विंचरले की तुटतात. कंडिशनर लावून बुळबुळीत झाल्यावर आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकांपासून सुरुवात करत वर जायचं. दुसऱ्या हाताने केस वरच्या बाजूला धरले की मुळांना हिसका बसत नाही आणि मूलही रडत नाही. टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी जुन्या टी-शर्टने पाणी टिपा. रात्री सॅटिनची टोपी किंवा सॅटिनची उशी, कारण सुती अभ्रा ओल शोषून घेतो.

वाळल्यावर केस आखडतात. ओले असताना खांद्याला टेकणारे केस कानापाशी येतात, त्याला घाबरून ड्रायर किंवा स्ट्रेटनर लावू नका. योरुबा बायका केसांभोवती दोरा गुंडाळून ते ताणून ठेवतात, रात्रभरात उष्णतेशिवाय लांबी दिसते.

चाडमधल्या बायकांची चेबे पूड आता ऑनलाइन मिळते. ती तेलात कालवून केसांच्या लांबीवर लावायची आणि वेण्या घालायच्या. टाळूवर चोळलीत तर खाज सुटेल. चेबेने वाढीचा वेग बदलत नाही, केस तुटणं कमी झालं म्हणून लांबी टिकते. हे केस मुळात महिन्याला साधारण पाऊण ते एक सेंटिमीटर वाढतात. "वाढतच नाहीत" असं वाटतं तेव्हा बहुधा टोकं तुटत असतात.

घट्ट वेण्या

वेणी घालताना दुखलं म्हणजे नीट बसली, हा समज सोडा. कपाळाच्या कडेला बारीक पुटकुळ्या, ताणलेल्या भुवया, वेणीच्या मुळाशी पांढरी गाठ, ही सगळी वेणी त्याच दिवशी सोडायची लक्षणं. ताणाने गेलेले केस लवकर थांबवलं तर परत येतात, वर्षानुवर्षं तसंच चाललं तर येत नाहीत. कृत्रिम केस जोडलेल्या वेण्या सहा ते आठ आठवड्यांपुढे नकोत.

आणि शाळा. तेल लावून चापूनचोपून दोन घट्ट वेण्या, हा आपल्याकडचा नियम या केसांना सोसत नाही. लेकीच्या शाळेशी माझी यावर बरीच पत्रापत्री झाली. दक्षिण आफ्रिकेत २०१६ मध्ये प्रिटोरियाच्या एका मुलींच्या शाळेत विद्यार्थिनींनी केसांच्या नियमांविरुद्धच आंदोलन केलं होतं. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केसांच्या पोतावरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घातली. आपण निदान सैल वेण्यांची परवानगी मागू शकतो.

एका ठिकाणी मात्र घरगुती काहीच करू नका. डोक्याच्या मधोमध केस विरळ होत चाललेत, तिथे जळजळ होते, हात लावला की दुखतं, त्वचा गुळगुळीत दिसते, तर थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा. व्रण धरणारी एक केसगळती आफ्रिकन वंशाच्या स्त्रियांमध्ये जास्त आढळते आणि तिच्यात बुजलेली मुळं परत उगवत नाहीत. जाताना केस धुऊन, वेण्या सोडून, तेल न लावता जा, म्हणजे डॉक्टरांना टाळू स्वच्छ दिसेल.