स्वस्तात गाडीचा स्टीरिओ बदलताना या चुका टाळा

गाडीतला आवाज सुधारायचा म्हटले की बरेच जण आधी डिकीत बेसट्यूब आणून ठेवतात आणि पुढच्या दारांतले कंपनीचे कागदी स्पीकर तसेच राहू देतात. बजेट आठ-दहा हजारांचे असेल, तर पहिला खर्च पुढच्या दोन स्पीकरांवर आणि उरलेला दाराच्या पत्र्याची थरथर कमी करण्यासाठी आतून चिकटवायच्या डॅम्पिंग शीटवर करावा. मागच्या स्पीकरांना हात लावला नाही तरी चालते.

सर्वांत घातक चूक मात्र वायरिंगची. मॉडेलनुसार मिळणाऱ्या कपलरचे (मूळ वायरी न कापता स्टीरिओ जोडणाऱ्या प्लगचे) दोन-तीनशे रुपये वाचवण्यासाठी मूळ वायरी कापून, पिळून त्यांवर काळी टेप गुंडाळली जाते. एका स्नेह्यांच्या वॅगन आरमध्ये एप्रिलच्या उन्हात त्या टेपचा गोंद पातळ होऊन ती सुटली, बॅटरीकडून येणारी पिवळी वायर डॅशबोर्डमागच्या लोखंडी पट्टीला टेकू लागली आणि खड्ड्यागणिक फ्यूज उडू लागला. दुकानदाराने कारण शोधण्याऐवजी 10 अँपिअरच्या जागी 30 अँपिअरचा फ्यूज घालून दिला. पुढच्या खड्ड्यात फ्यूज शाबूत राहिला आणि वायर जळाली. स्टीरिओ बाहेर ओढला, तेव्हा शेजारच्या वायरींची आवरणेही वितळून एकमेकांना चिकटलेली होती. मी स्वतः बॅटरीची निगेटिव्ह वायर काढल्याशिवाय डॅशबोर्ड उघडत नाही, आणि जोड द्यावाच लागला तर सोल्डर करून त्यावर गरम केल्यावर आवळून बसणारी हीट श्रिंक नळी चढवतो. वेळ लागतो, हे खरे. ज्यांना अर्ध्या तासात गाणी ऐकायची असतात, त्यांनी हे काम अंगावर घेऊच नये.

खोक्यावरच्या ‘50 वॅट गुणिले 4’ या आकड्याला भुलू नये. त्याच स्टीरिओच्या पाठीमागे बहुधा 10 किंवा 15 अँपिअरचा फ्यूज असतो. 10 अँपिअर गुणिले 14 व्होल्ट म्हणजे जेमतेम 140 वॅट, मग 200 वॅट येणार कोठून? प्रत्यक्षात दर स्पीकरला वीसेक वॅट मिळतात, म्हणून आरएमएस, म्हणजे सलग मिळणाऱ्या वॅटचा, आकडाच पाहावा.

वेगळा अ‍ॅम्प्लिफायर बसवला, तर त्याचा गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे; स्टीरिओकडून येणारा सिग्नल किती वाढवायचा, ते तो ठरवतो. स्टीरिओ पाऊण आवाजावर ठेवून गेन वाढवत न्यावा आणि आवाज फाटू लागेल तिथून थोडा मागे घ्यावा. अ‍ॅम्प्लिफायरच्या मुख्य वायरीचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे लागले, तर बेस नाहीसा होतो. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली, तर आधी अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंग रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट बसली आहे का, ते पाहावे.