नर्सिंगला अ‍ॅडमिशन पाहिजे? मग बारावीच्या रिझल्टची वाट बघत बसू नका

मी गोव्यातल्या डिचोलीकडची, बीएस्सी नर्सिंग करून आता वॉर्डात काम करते. दर मे-जूनमध्ये गावातल्या कोणाच्या तरी आईचा फोन येतो, "आमच्या पोरीला नर्सिंगला घालायचंय, फॉर्म कधी येतो?" फॉर्मचं सांगते मी, पण पोरगी हुशार असूनही कागदांमुळे नाहीतर विषयांमुळे मागे राहिली की फार वाईट वाटतं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी विषय. बीएस्सी नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्लिश पाहिजेच, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी मिळून ४५ टक्के, एससी-एसटीला ४०, आणि इंग्लिशमध्ये पास. आणि अ‍ॅडमिशनच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ पूर्ण, म्हणजे २०२६ ला जायचं तर जन्म ३१ डिसेंबर २००९ किंवा त्याआधीचा. अकरावीत कोणी बायोलॉजी सोडून मॅथ्स-कॉम्प्युटर घेतलं तर बारावीला नव्वद टक्के पडले तरी हा रस्ता बंद, तेव्हा हायर सेकंडरीत विषय लिहून देतानाच विचार करा. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना तीन वर्षांचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा आहे, तिथे इंग्लिश घेऊन बारावी पास आणि ४० टक्के लागतात.

४५ टक्के म्हणजे फक्त दारात उभं राहण्यापुरतं हां. बांबोळीला गोमेकॉजवळ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजजवळ, सरकारी इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन आहे, तिथे सगळ्यांनाच जायचं असतं, सीट मिळते ती मेरिटवर. त्या वर्षी मेरिट कशावर लावणार ते प्रॉस्पेक्टसमध्ये असतं, ते शेजारणीला विचारू नका, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत स्वतः वाचा. नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, द्याच असं मी सगळ्यांना सांगते. पुद्दुचेरीच्या जिपमरचं बीएस्सी नर्सिंग आणि मुलींसाठी मिलिटरी नर्सिंग, दोन्हीकडे नीटचे मार्क धरतात. ७२० पैकी ३६० मार्क एकट्या बायोलॉजीचे असतात, पेपर मराठीतूनही देता येतो, एनसीईआरटीची दोन बायोलॉजीची पुस्तकं ओळ न ओळ झाली की बोर्डाचाही अभ्यास होतो. एम्सची नर्सिंगची परीक्षा वेगळी, तिचा फॉर्मही वेगळा भरावा लागतो.

आता कागद. इथे मी जरा जास्त बोलणार कारण माझ्या मावसबहिणीची अ‍ॅडमिशनची पहिली राउंड यातच गेली, रहिवासी दाखला वेळेत हातात आला नाही आणि तिच्यापेक्षा कमी मार्कवाल्यांना सीट मिळाली, त्या रात्री ती जेवली नव्हती. रहिवासी दाखला मामलेदार कचेरीतून येतो, रिझल्टनंतर तिथे अख्ख्या तालुक्याची गर्दी, म्हणून बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीतच चौकशी करा, किती दिवसांपूर्वीचा दाखला चालतो तेही बघा. ओबीसी असाल तर जातीचा दाखला आणि नॉन क्रिमी लेयर दोन्ही तपासा, नॉन क्रिमी लेयरची मुदत संपलेली असते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

आणि नाव! आपल्या गोव्यात हा मोठा घोळ. जन्मदाखल्यावर नाईक हे आडनाव क्यू-यू-ई लावून जुन्या पोर्तुगीज पद्धतीने, मार्कशीटवर साधं के लावून, आधारवर तिसरंच काहीतरी, आईचं नाव कुठे माहेरचं कुठे सासरचं. आजच संध्याकाळी जन्मदाखला, दहावीची मार्कशीट आणि आधार शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न अक्षर जुळवा. फरक असेल तर दुरुस्तीला महिने जातात, एका आठवड्यात होत नाही.

हिपॅटायटिस बी ची लस घेतली नसेल तर सुरू करून टाका, तीन डोस असतात, पहिला, एक महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. वॉर्डात सुया आणि रक्त रोजचंच, तिथे जायच्या आधी हे झालेलं बरं.

खासगी कॉलेजात कुठे कुठे इंटरव्ह्यू असतो, नर्सिंगच का म्हणून विचारतात. "मला सेवेची आवड आहे" हे प्रत्येक जण म्हणतं. त्यापेक्षा आजीला म्हापशाच्या आझिलो किंवा मडगावच्या हॉस्पिसियो हॉस्पिटलात ठेवलं होतं तेव्हा तुम्ही रात्री काय बघितलं, सिस्टरने सलाइन कसं बदललं, किती जणांना एकटीने सांभाळलं, ते सांगा, खरं असेल तेच सांगा. असं काही बघितलं नसेल तर ओळखीच्या सिस्टरला भेटा, नाइट ड्युटीबद्दल विचारा. हे इंटरव्ह्यूपेक्षा तुमच्यासाठीच जास्त गरजेचं आहे, पहिल्या वर्षी बेडपॅन बघून रडणाऱ्या मुली मी बघितल्यात, त्यांना आधी कोणी काही सांगितलंच नव्हतं.

बेळगाव-कोल्हापूरकडे एजंट सीट देतो म्हणाला तर पैसे द्यायच्या आधी ते कॉलेज इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि त्या राज्याच्या नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे का बघा, आणि पास झाल्यावर गोव्यात रजिस्ट्रेशन होईल का ते गोव्याच्या कौन्सिलला जाऊन विचारा. फीसाठी गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनचं बिनव्याजी कर्ज आहे, त्याची चौकशी फॉर्म भरतानाच करून ठेवा.

राउंड सुरू झाल्या की रोज सकाळी वेबसाइट बघा, पर्वरीच्या डीटीईची (तंत्रशिक्षण संचालनालयाची) नोटीस आली की त्यातली तारीख घरच्या कॅलेंडरवर पेनने मोठी लिहा. ओरिजिनल कागद एका फाइलीत, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स, आणि रिपोर्टिंगच्या दिवशी सत्तरी-काणकोणातून येणाऱ्यांनी पहिली कदंबा बस पकडा.