घरच्या गॅसवर पाएया: खाली लागू द्यायचा भात

पहिल्यांदा पाएया, म्हणजे स्पेनमधला केशराचा भात, केला तेव्हा आई शेजारी उभी होती आणि दर दोन मिनिटांनी म्हणत होती, अगं हलव गं, खाली लागेल. मी हलवला, वर झाकण पण ठेवलं, तांदूळ घरात होता तो इंद्रायणी, आणि शेवटी केशराचा गुरगुट्या भात झाला. चव छान होती पण तो पाएया नव्हता. त्यानंतर खूप रविवार करून बघितला, आता पुण्यात मिळणाऱ्या सामानात नीट जमतो, म्हणून सगळं लिहितेय.

आधी एक सांगते, पाएया हे मुळात भांड्याचं नाव आहे. स्पेनमधल्या वॅलेन्सियाकडे त्या पसरट पॅनलाच पाएया म्हणतात आणि त्यात होणाऱ्या भाताला पण तेच नाव पडलं. तिथे अल्बुफेरा तलावाच्या काठी भातशेती आहे, त्यामुळे शेतावरचं जेवण म्हणून जे हाताशी होतं तेच त्यात पडलं, म्हणजे चिकन, ससा, शेंगा, टोमॅटो, कधी गोगलगायी. कोळंबीवाला पाएया समुद्रकाठचा, तो पण छानच लागतो, पण मी इथे चिकनचा सांगतेय.

म्हणजे मसाल्यांपेक्षा भांडं महत्त्वाचं. १२ इंची, सपाट बुडाचा, कमी उंचीच्या कडांचा लोखंडी पॅन घ्या, तुळशीबागेत किंवा रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानांत बघा. कढई नको, पातेलं तर नकोच, कारण शिजलेल्या भाताचा थर बोटाच्या जाडीएवढाच हवा. एवढ्या पॅनमध्ये २०० ग्राम तांदूळ, दोन-तीन माणसांपुरता. जास्त माणसं असतील तर मोठा पॅन घ्या, थर वाढवू नका.

तांदूळ तिथे बोंबा वापरतात, आखूड दाणा, भरपूर रस पितो आणि तरी फुटत नाही. तो ऑनलाइन मिळतो पण महाग पडतो. मी जुना कोलम घेते. आंबेमोहोर मला खूप आवडतो पण त्याचा स्वतःचा वास केशरावर चढतो आणि तो चिकट पण होतो, बासमती तर बिर्याणीलाच राहू दे. आणि तांदूळ धुवायचा नाही, भिजवायचा नाही, निवडून तसाच घालायचा.

शेंगांचं मात्र आपल्याकडे मस्त जमतं. तिथे गरोफो नावाचा मोठा पांढरा दाणा घालतात, तो आपल्या डबल बीचाच प्रकार आहे, म्हणून मूठभर डबल बी रात्री भिजवून मऊ शिजवून ठेवा. हिरव्या चपट्या शेंगांच्या जागी घेवडा. सशाच्या जागी चिकनच थोडं जास्त, ४०० ग्राम, हाडांसकट, लहान तुकडे.

आता कृती. केशराच्या १५-२० काड्या हलक्या गरम करून चुरा आणि अर्धी वाटी कोमट पाण्यात भिजवा (हळद घालून रंग आणू नका प्लीज, चवच बदलते). पॅनमध्ये चार चमचे ऑलिव्ह ऑइल, चिकनला मीठ लावून मध्यम आचेवर चांगलं १५ मिनिटं लालसर होईपर्यंत परता, इथे घाई केली तर पुढे रसाला चवच येत नाही. मग घेवडा, मग दोन टोमॅटो किसणीवर किसून, पाणी पूर्ण आटून तेल सुटेपर्यंत. कांदा नाही, वॅलेन्सियाची माणसं म्हणतात त्याने भात मऊ पडतो. आलं, गरम मसाला, कोथिंबीर काहीच नाही. शेवटी एक चमचा काश्मिरी मिरची पूड, तिथल्या गोडसर पिमेंटोनच्या जागी, आणि ती करपायच्या आत लगेच लिटरभर पाणी, डबल बी, मीठ. २० मिनिटं उकळू द्या. मग रस गाळून मोजा, केशराचं पाणी धरून ६०० मिली हवा (बोंबा असेल तर ७००), कमी असेल तर गरम पाणी घाला. चव घ्या, किंचित खारट लागायला हवा कारण तांदूळ मीठ ओढतो.

रस, चिकन, शेंगा सगळं परत पॅनमध्ये, खळखळ उकळी, त्यात तांदूळ सगळीकडे सारखा पसरायचा आणि आता उलथनं बाजूला ठेवायचं. ढवळलं की दाण्यातलं पीठ सुटतं आणि सगळं चिकट होतं. झाकण पण नाही. आठ मिनिटं मोठी आच, मग मंद, साधारण सात-आठ मिनिटं. घरच्या शेगडीची अडचण अशी की आच मधेच लागते आणि कडेचा भात कच्चा राहतो, त्यामुळे मी पॅन दोन बर्नरवर मिळून ठेवते आणि दर दोन मिनिटांनी थोडा फिरवते, पॅन फिरवायचा, भात नाही! कडेचे दाणे टणक वाटले तर त्यांच्यावर चमचाभर गरम पाणी शिंपडा.

वरचा रस दिसेनासा झाला की कान द्या. आधी बुडबुड आवाज असतो, मग तडतड सुरू होते, तेव्हा आच मिनिट-दीड मिनिट मोठी करा, पॅन फिरवत. खमंग भाजल्याचा वास आला की लगेच बंद, करपट वासाची वाट बघू नका. खाली जी खरपुडी धरते तिला ते सोकारात म्हणतात आणि सगळी मजा त्यातच आहे. वर स्वच्छ पंचा टाकून पाच मिनिटं थांबा.

ताटात वाढू नका, पॅन मधे ठेवून ज्याने त्याने आपल्या समोरचा भाग चमच्याने खायचा, तिथे तशीच पद्धत आहे. आमच्याकडे आता आई खरपुडीसाठी उलथनं घेऊनच बसते. पॅन धुतल्यावर लगेच कोरडा करून तेलाचा हात फिरवून ठेवा, नाहीतर पावसाळ्यात दोन दिवसांत गंज धरतो.