अमेरिकी खेड्यातला पूर्वज शोधताय? या चुका टाळा

सून किंवा जावई अमेरिकी असला की नातवंडांच्या निमित्ताने कधीतरी त्या बाजूची वंशावळ काढायची हौस येते. इथल्या मराठी घरांतून मला विचारणा होते ती बहुधा एकाच टप्प्यावर: वेबसाइटवर नाव टाकलं, पाच पिढ्या आयत्या मिळाल्या, आता पुढे काय? पुढे काही नाही. आधी मागे या.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो आजचा नकाशा समोर ठेवून शोधल्यामुळे. ईशान्येकडचा न्यू इंग्लंडचा भाग सोडला तर खेड्यापाड्यांतले जमिनीचे, लग्नाचे, वारशाचे जुने कागद बहुतेक काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कोर्टहाउसात असतात आणि काउंट्या तर सतत फुटत आल्या आहेत. एका गृहस्थांनी व्याह्यांच्या घराण्याची पुस्तिका छापून लग्नात वाटली. मूळपुरुष व्हर्जिनियातून निघून वेस्ट व्हर्जिनियात स्थायिक झाले, असं त्यात होतं. वाटेतले डोंगर, थंडी, छपराची गाडी, सगळं साग्रसंगीत. मी खरेदीखतं काढली. चतुःसीमा तीच: ओढ्याकाठचा पांढरा ओक, तिथून अमुक पोल (जमीन मोजायचं जुनं माप), मग शेजाऱ्याचा बांध. शेत आधी वुड काउंटीत होतं. 1843 मध्ये रिची काउंटी झाली, तिच्यात गेलं. 1863 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया वेगळं राज्य झालं. माणूस जागचा हलला नव्हता! 1960 मध्ये आपले आजोबा मुंबई राज्यातून महाराष्ट्रात राहायला गेले, असं कोणी लिहिलं तर? तशातलीच गत. वर तक्रार अशी की 1843 च्या आधीच्या लग्नाची नोंद हॅरिसव्हिलला, रिचीच्या मुख्य गावी, मिळतच नाही. कशी मिळेल? ती पार्कर्सबर्गला, जुन्या काउंटीच्या दप्तरात.

मी नाव शोधण्याआधी गाव लिहिते आणि त्याखाली कोणत्या साली कोणती काउंटी, ते. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीने काउंट्यांच्या जुन्या सीमांचे नकाशे तयार केले आहेत, फुकट बघता येतात. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळणारे सहा महिन्यांनी पुन्हा मलाच फोन करतात.

दुसरी चूक म्हणजे जनगणनेत नसलेलं वाचणं. 1840 पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे. 1850 पासून घरातल्या सगळ्यांची नावं आली, पण स्वतंत्र माणसांचीच. गुलाम केलेल्यांची यादी वेगळी आणि ती जवळपास सगळी बिननावाची. कुटुंबप्रमुखाशी नातं लिहायला लागले 1880 पासून. म्हणजे 1850 च्या पानावरची बाई मुलांची आई असेलच असं नाही. बाळंतपणात बायको गेली की घरात दुसरी यायची, आणि धाकटी दोन मुलं तेवढी तिची असायची. मी अशा वेळी वारशाचे कागद बघते आणि जनगणनेची मागची-पुढची पानंही वाचते. शेजारी पुष्कळदा सासुरवाडीच निघते. एकाच काउंटीत एकाच नावाचे दोन शेतकरी असले तर करयादीवरून, म्हणजे कोणाची जमीन कोणत्या ओढ्यावर, यावरून ते वेगळे करायचे. दुसऱ्याचा वंशवृक्ष उचलून आपल्याला चिकटवणाऱ्यांना हे सांगून उपयोग नसतो, तरी सांगते.

1890 ची जनगणना शोधत बसू नका. 1921 च्या आगीत बरीच गेली, उरलेली पुढे सरकारनेच नष्ट केली.

आडनाव एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात, बदललं, ही कथा घरोघरी ऐकायला मिळते. तिथले अधिकारी जहाजावरून आलेली यादी ताडून बघत, नवी नावं देत नव्हते. शिवाय ते केंद्रच 1892 मध्ये उघडलं.

स्पेलिंगचा हट्ट नको. कारकुनाला जे ऐकू आलं, ते त्याने लिहिलं.

जन्मदाखला मागायच्या आधी त्या राज्यात नोंदणी कधी सुरू झाली ते बघा. केंटकीत ती नीट सुरू झाली 1911 मध्ये.

होमस्टेडची, म्हणजे 1862 च्या कायद्याखाली सरकारकडून कसायला मिळालेली जमीन असेल, तर नुसत्या पट्ट्याचं, म्हणजे मालकीपत्राचं, चित्र उतरवून थांबू नका. नॅशनल आर्काइव्ह्जमधली मूळ फाइल मागवा. घर केवढं, किती एकर नांगरलं, साक्षीला कोणते शेजारी, सगळं त्यात सापडतं. पैसे पडतात, वाट बघावी लागते. अर्धे लोक इथेच गळतात.

आणि काउंटी क्लार्कला पत्र लिहाल तेव्हा एक नाव, एक कागद, पाच-दहा वर्षांचा टप्पा, एवढंच मागा. अख्खी वंशावळ जोडून पाठवू नका; ती वाचायला तिथे कोणाला वेळ नसतो.